देव न मानणाऱ्याचा दहावा

'ज्याची त्याची श्रद्धा' हे वाक्य आमच्या घरात कधी चाललं नाही. चारचौघांत देवाचा विषय निघाला की कोणीतरी हे वाक्य टाकतं आणि विषय तिथेच मिटतो. बोलणाऱ्याला वाटतं, आपण किती उदार. मला मात्र त्या वाक्याचा मनापासून राग येतो, कारण समोरच्याचं ऐकून घ्यायची तसदीच त्यात नसते. तू मान, मी मानत नाही, चल चहा घेऊ. या जगाला कोणी कर्ता आहे का, मेल्यावर आपलं काही उरतं का, आपली हाक कुणाला ऐकू जाते का, या प्रश्नांची एवढ्यावर बोळवण कशी करायची? जन्मभर भांडावं इतक्या मोलाचे प्रश्न आहेत हे. माझे आई-बाबा त्यावर जन्मभर भांडले.

बाबा विज्ञानाचे शिक्षक. सातारा जिल्ह्यात बदल्या होत होत शेवटी कऱ्हाडला स्थिरावले. देव नाही, आत्मा नाही, मेल्यानंतर काही नाही, असं त्यांचं स्वच्छ मत होतं आणि ते कुणापासून लपवून ठेवलेलं नव्हतं. आईचं माहेर तरडगाव. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी लोणंदहून निघाली की फलटणच्या आधी तरडगावला मुक्कामाला येते, आणि त्याच वाटेवर चांदोबाच्या लिंबाला वारीतलं पहिलं उभं रिंगण होतं. कळायला लागल्यापासून दर साली दारावरून दिंड्या जाताना जिने बघितल्या, रिंगणात अश्व धावून गेला की त्याच्या टापांखालची माती उचलून जिने कपाळाला लावली, तिला देव मानायचा की नाही असा प्रश्न पडतच नाही. विठोबा हे तिचं मत नव्हतं. तो माहेरचा माणूस होता.

लग्न ठरतानाच बाबांनी सांगून टाकलं होतं की मी पूजेला बसणार नाही. आई म्हणाली होती, मग मी एकटी बसेन, पण देवघर माझं. त्या करारावर संसार उभा राहिला. देवघरात बाबांनी कधी हात घातला नाही आणि आईने त्यांच्या पुस्तकांच्या कपाटावर कधी हळद-कुंकू वाहिलं नाही, अगदी दसऱ्यालासुद्धा नाही. पण वाद? वाद रोज.

जानेवारी २००५ मध्ये मांढरदेवला चेंगराचेंगरी झाली तेव्हाचा वाद मला नीट आठवतो. काळूबाईची शाकंभरी पौर्णिमेची यात्रा, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, अरुंद वाट, दुकानांना लागलेली आग. ३००च्या आसपास माणसं गेली. आमच्याच जिल्ह्यातली घटना, त्यामुळे ओळखीपाळखीच्या घरांतही रडारड होती. बाबा जेवताना ताट बाजूला सारून म्हणाले, "तिच्या पायाशी आलेली माणसं तिच्या पायाशीच मेली. कुठे होती तुझी देवी?" आईने तेव्हा उत्तर दिलं नाही. कितीतरी दिवस ती या विषयावर गप्पच होती. मग एका संध्याकाळी गहू निवडता निवडता, कुणी विचारलेलं नसताना म्हणाली, "देव वाचवतो म्हणून मी त्याच्याकडे जात नाही. तुकोबांची पहिली बायको दुष्काळात अन्न अन्न करत गेली. त्यांना काय देव वाचवतो असं वाटत होतं? 'माझे लेखीं देव मेला, असो त्याला असेल' हे तुमच्या आधी तुकोबा म्हणून गेलेत. आणि तरी ते त्याच्याशीच भांडत बसले."

बाबांनी ती ओळ पहिल्यांदाच ऐकली होती. ते उठून गाथा शोधायला गेले. आईच्याच देवघराखालच्या फळीवर ती होती, आणि तिच्यात हात घालण्यापूर्वी त्यांनी आईला विचारलं, "घेऊ का?"

आईचं ते उत्तर मी पुष्कळदा मनात घोळवलं आहे. बाबांच्या युक्तिवादाला ते उत्तर नव्हतंच. सर्वशक्तिमान आणि दयाळू देव असेल तर हे दुःख कसं, हा प्रश्न तिने सोडवला नाही, आणि माझ्या मते तो कुणालाच सुटलेला नाही. मी स्वतः देव मानत नाही आणि माझं मुख्य कारण तेच आहे. पण आईची श्रद्धा त्या प्रश्नावर उभीच नव्हती, हे मला त्या दिवशी कळलं. काही मिळावं म्हणून ती वारीला जात नव्हती. बाबा ज्या देवाला खोडून काढत होते तो नवसाला पावणारा देव होता. आई ज्याच्याशी बोलत होती तो दुसराच कोणी होता. तोही मला खरा वाटत नाही, पण त्याच्याविरुद्ध बाबांचे नेहमीचे मुद्दे लागू पडत नव्हते, हे मान्य करायलाच हवं.

माझ्या भावाची तिसरीच तऱ्हा. तो म्हणतो, "देव वगैरे नाही, पण कुठलीतरी शक्ती आहे." आज शहरात निम्मी माणसं हेच म्हणतात. भाऊ मला फार प्रिय आहे, पण ही शक्ती मला पटत नाही. ती माणसाकडून काहीच मागत नाही. ती एकादशी मागत नाही, पायपीट मागत नाही, आणि बाबांच्या नास्तिकपणाला जो एकटेपणा सोसावा लागला तोही मागत नाही. मत कुठलं का असेना, त्याची किंमत कोणी मोजली, हे मी हल्ली आधी बघते.

बाबांना या बाबतीत आगरकरांचं फार वेड. गोपाळ गणेश आगरकरांचं जन्मगाव टेंभू, कऱ्हाडपासून जवळच. आम्हाला लहानपणी तिथे नेऊन बाबा सांगायचे की बघा, १८५६ साली या इथे एक मुलगा जन्मला, आणि नऊच दिवसांनी रत्नागिरीत टिळक जन्मले. दोघे डेक्कन कॉलेजात भेटले, दोघांनी शाळा काढली, वर्तमानपत्रं काढली. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यात दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात एकत्र १०१ दिवस काढले आणि तिथेही वाद घातले. देव आहे असं सिद्ध करता येत नाही, नाही असंही सिद्ध करता येत नाही, अशी आगरकरांची अज्ञेयवादी भूमिका. धर्माच्या नावाखाली बायकांवर जे लादलं जातं ते बुद्धीला पटत नसेल तर झुगारून द्या, हे ते छापून सांगत होते. त्याबद्दल पुण्यातल्या लोकांनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. दम्याने पोखरलेला तो माणूस, स्वतःची प्रेतयात्रा डोळ्यांनी पाहिलेला, चाळिशीही न गाठता १८९५ मध्ये गेला. हे सांगताना बाबांचा आवाज दरवेळी बदलायचा.

आई यावर म्हणायची, सोसलं ते काय फक्त न मानणाऱ्यांनीच? तिचा माणूस साने गुरुजी. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून गुरुजींनी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केलं. प्राण गेला तरी चालेल अशी तयारी होती, आणि १० मे रोजी मंदिर खुलं करण्याचं मान्य झाल्यावरच त्यांनी ते सोडलं. तो माणूस पराकोटीचा श्रद्धाळू. जो देव त्याला कुणीही नाकारलेला नव्हता, त्याच्या दारात दुसऱ्यांना जाता यावं म्हणून तो मरायला बसला. "आता सांगा," आई म्हणायची, "हा आंधळेपणा का?" बाबा म्हणायचे, "नाही. पण त्यांच्या विरोधात बसलेलेही त्याच विठोबाचे नाव घेत होते." हाही मुद्दा बरोबरच. असं ते चालायचं.

सातारा म्हणजे डॉ. नरेंद्र दाभोलकरांचं गाव, त्यामुळे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामाशी बाबांचा संबंध अगदी घरचा. दाभोलकर आणि डॉ. श्रीराम लागू यांचे जाहीर वाद-संवाद तेव्हा गाजत होते. लागू स्पष्ट म्हणायचे, देव या कल्पनेलाच आता निवृत्त करा. दाभोलकर त्याच मंचावरून सांगायचे की देव मानण्याचं स्वातंत्र्य राज्यघटनेने दिलं आहे, संघटनेचा लढा आहे तो देवाच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीशी आणि शोषणाशी. बाबा लागूंच्या बाजूचे. आईला दोघांपैकी दाभोलकर परवडायचे. जादूटोणाविरोधी कायद्याची चर्चा सुरू झाली तेव्हा तिच्या भजनी मंडळात बातमी पसरली की हा कायदा आला तर वारी बंद होणार. ती घरी येऊन बाबांवर बरसली. मग पुढे कित्येक दिवस बाबा तिला मसुदा समजावून सांगत होते. प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हात लावलेला नाही हे वाचून दाखवत होते.

२० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर दाभोलकरांना गोळ्या घातल्या. त्या पुलाला महर्षी विठ्ठल रामजी शिंद्यांचं नाव आहे, जे ईश्वर मानणारे होते, आणि ज्यांचं आयुष्य अस्पृश्यता निवारणात गेलं. बातमी आली तेव्हा बाबा बोलेनासे झाले. आई टीव्हीसमोर उभीच होती. म्हणाली, "वारीला हात लावला नव्हता ना त्यांनी? तुम्हीच वाचून दाखवलंत ना? मग मारलं कशाला?" आठवडाभरात वटहुकूम निघाला, डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. २०२४ च्या मे महिन्यात न्यायालयाने गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना सोडून दिलं. तेव्हा बाबा नव्हते. आईने निकालाची बातमी कापून त्यांच्या पुस्तकांच्या कपाटात ठेवली.

बाबांनी देहदानाचा अर्ज कधीच भरून ठेवला होता. पण त्यातली एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. अर्जावर सही करून माणूस मोकळा होतो, प्रत्यक्षात देह द्यायचा की नाही हे मागे राहिलेल्यांच्या हातात असतं. नातेवाइकांनी कॉलेजला कळवावं लागतं, डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला आणि संमती द्यावी लागते, आणि देह वेळेत पोहोचवावा लागतो. घरच्यांनी नाही म्हटलं तर तो कागद फाईलमध्येच राहतो. म्हणजे आत्मा न मानणाऱ्या आमच्या बाबांची शेवटची इच्छा सर्वस्वी आत्मा मानणाऱ्या आईच्या 'हो'वर टांगलेली होती. आणि ते बाबांना पक्कं माहीत होतं.

ते पहाटे गेले. नेत्रदानही करायचं होतं. त्यासाठी सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात, आणि तोवर बुबुळं सुकू द्यायची नसतात. हे सगळं बाबांनी आईला आधीच सांगून ठेवलं होतं. मी पोहोचले तेव्हा पंखा बंद होता. डोक्याखाली उशी घेऊन मान थोडी उंच केलेली होती, पापण्या मिटवून त्यांवर ओल्या कापसाचे बोळे ठेवले होते. आणि ओठांवर तुळशीचं पान. एकाच बाईने, एकाच वेळी, दोन्ही केलं होतं. तिच्या हाताला तांब्यातलं पाणी लागलेलं होतं, आणि त्या पाण्यातलं गंगेचं कुठलं नि कापूस भिजवायचं कुठलं हे मी विचारलं नाही.

माणसं जमली तशी कुजबुज सुरू झाली. आत्याने आईला बाजूला घेतलं. "वहिनी, अग्नी नाही तर गती नाही. दादा बोलून गेला, तुला कळायला नको का?" काकांनी एक मार्ग काढला. त्यांनी गुरुजींना विचारून ठेवलं होतं की देह हाती नसेल तर शास्त्रात दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देता येतो. देह कॉलेजला जाऊ दे, पुतळा घाटावर जाऊ दे, म्हणजे दोघांचंही राहील. अनेकांना ही तडजोड पसंत पडली. भावालाही पडली. मला आगरकर आठवले आणि अंगावर काटा आला, पण मी बोलायच्या आधी आई बोलली. "त्यांनी देह दिलाय. आता त्यांच्या नावाने गवत जाळायचं नाही."

हे वाक्य बोलणाऱ्या बाईचा गतीवर विश्वास होता. अग्नी नसेल तर आत्मा अडकतो, हे आत्याइतकंच तिच्याही कानांवर लहानपणापासून पडलेलं होतं. मी तिला नंतर स्पष्ट विचारलं, तुला भीती नाही वाटली? ती म्हणाली, "वाटली की. अजून वाटते. मी रोज पांडुरंगाला सांगते, यांच्या वाटेत काही आलं तर माझं पुण्य घे."

इथे मला जे दिसलं ते माझ्या नास्तिकपणालाही सोडून जात नाही. बाबांच्या मताप्रमाणे मेल्यावर काहीच उरत नसेल, तर त्यांच्या मागे कुणी विधी केले तरी त्यांचं काही बिघडणार नव्हतं. ते स्वतःच म्हणायचे, "मी गेल्यावर तुम्ही काय कराल ते मला थोडंच कळणार?" पण आईच्या मताप्रमाणे सगळंच पणाला लागलेलं होतं. तिने नवऱ्याच्या मताचा मान राखताना, तिच्या हिशेबाने, त्याची गती धोक्यात घातली होती आणि वर स्वतःचं पुण्य तारण ठेवलं होतं. पुण्य नसतं असं मी मानते. तरीही ती जे देत होती ते तिच्या जगातलं सर्वांत मौल्यवान होतं, आणि ते तिने देव न मानणाऱ्या माणसाच्या शब्दासाठी दिलं. आगरकरांनी सोसलं, दाभोलकरांचा जीव गेला, ते न मानणाऱ्यांचं मोल. आमच्या घरात मात्र जास्त किंमत मानणारीने मोजली.

मग ती म्हणाली, दहावा होईल.

माझा विरोध होता आणि मी तो बोलून दाखवला. देह विज्ञानाला दिल्यावर पिंड कशाचा? ती म्हणाली, "देह त्यांचा होता, तो त्यांच्या मताने गेला. दुःख माझं आहे, ते माझ्या रीतीने करू दे." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. पण मत बदललं असंही झालं नाही. दहाव्याला भाऊ बसला. कृष्णा-कोयनेच्या संगमावर, घाटाच्या वरच्या पायरीवर मी उभी राहिले. पिंडाला नमस्कार करायला सगळे पुढे झाले तेव्हा आत्याने माझा दंड धरला. आई खालून म्हणाली, "तिला ओढू नका. ती तिच्या बाबांवर गेली आहे."

माझ्या शेजारी बाबांचे शाळेतले एक सहकारी उभे होते. त्यांच्या वडिलांनी १९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपूरला दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा घेतलेली. बाबासाहेबांनी त्या दिवशी दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याचीही प्रतिज्ञा आहे. ते हळू आवाजात म्हणाले, "आमच्या घरात हे त्या दिवसापासून नाही. माझ्या आजीला फार जड गेलं होतं. आजोबांचा दहावा करता आला नाही म्हणून ती रडायची, आणि प्रतिज्ञा मोडायची नाही म्हणून परत स्वतःच डोळे पुसायची." बाबांशी ते आयुष्यभर वाद घालत आले होते की तुम्ही देव नाकारता पण जातीचं घर सोडत नाही, आम्ही घरच सोडलं. नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे १९३० पासून वर्षानुवर्षं सत्याग्रह करून ज्यांना आत घेतलं गेलं नाही, त्यांच्यासाठी देव आहे की नाही हा प्रश्नच निराळ्या तऱ्हेने येतो, हे मला त्यांच्यामुळे कळलं. आमच्या घरातला वाद हा दोघांनाही दार उघडं असलेल्यांचा वाद होता. नास्तिक म्हणून मिरवताना हे मी विसरू नये असं मला वाटतं.

कावळा शिवला की नाही, ते मी इथे लिहिणार नाही. शिवला म्हटलं तर मानणारे त्याचा पुरावा करतील, नाही म्हटलं तर न मानणारे. शिवाय माणसं खालून कावळ्याला जे सांगत होती तेच मला जास्त लक्षात राहिलं आहे. भाऊ म्हणाला, आईला बघेन. काका म्हणाले, बांधाचा वाद मिटवेन. आणि ज्या आत्याने सकाळी माझा दंड धरला होता ती हात जोडून म्हणाली, "दादा, तुझी पुस्तकं रद्दीत जाऊ देणार नाही." ती पुस्तकं म्हणजे बहुतेक सगळी देवाच्या विरोधातली.

पुढच्या आषाढात आई वारीला गेली. लोणंदपर्यंत तिची पिशवी पोहोचवायचं काम आधी बाबांचं होतं, आता ते माझ्याकडे आलं आहे. रस्त्यात आम्ही वाद घालतो. माझा मुद्दा असतो की वारीतली समता रस्त्यापुरती असते, गावी परतल्यावर पाणवठे आणि पंगती पुन्हा वेगळ्या होतात. ती म्हणते, रस्त्यापुरती तरी तुझ्या पुस्तकवाल्यांनी कुठे करून दाखवली आहे? मी सत्यशोधकांचं नाव घेते. जोतीरावांनी १८७३ मध्ये भटजीशिवाय लग्नं लावायला सुरुवात केली, एका निर्मिकाची सगळी लेकरं सारखी असं सांगितलं. ती लगेच पकडते, "म्हणजे त्यांनीही निर्मिक ठेवलाच की."

अलीकडे तिने स्वतःचं काय करायचं तेही सांगून ठेवलं आहे. देहदान नको. "मला अग्नी हवाय. मंत्र म्हणून, सगळं नीट. आणि अग्नी तू द्यायचास." मी म्हटलं, आई, तुला दोन मुलं आहेत, त्यातला निदान एक कुठलीतरी शक्ती मानतो, त्याला सांग. ती म्हणाली, "तो कुणीही सांगितलं तरी करेल. तू न पटता करशील. मी यांच्यासाठी केलं तसं." मी विचारलं, मंत्र मला म्हणावे लागतील? ती म्हणाली, "गुरुजी म्हणतील. तू मध्येच खोडून काढू नकोस म्हणजे झालं."

बाबांच्या देहदानाची पावती ज्या डायरीत आहे, तिच्यातच तिने हे लिहून खाली सही केली आहे. मी हो म्हटलं आहे. भावाला अजून सांगितलेलं नाही, आणि आत्याला कोण सांगणार यावर आमचं अजून ठरत नाहीये.